विडीच्या दोऱ्याचा वळ

आजारी झाड घेऊन येणाऱ्या माणसाला मी आधी शिव्या घालतो, मग खुर्ची देतो. माझ्या बायकोला, शांताला, हे अजिबात पटत नाही. ती म्हणते, गिऱ्हाईक हाय ते, तुमचा जावई न्हाय. पण झाडाची दशा बघितली की माझं टाळकंच सटकतं. एका डॉक्टरीणबाईंनी वीस वर्षांचा वड टीव्हीशेजारी ठेवला होता. ऊन नाही, वारा नाही, आणि पाण्याऐवजी रोज सकाळी बर्फाचे दोन खडे. का, तर मोबाईलवर कुणीतरी तसं दाखवलं होतं म्हणे! "बाई, पेशंटलाबी असंच ठेवता काय?" असं मी विचारलं. त्या फणकाऱ्यानं झाड तिथंच टाकून गेल्या आणि महिन्याभरानं पेढे घेऊन आल्या, कारण तोवर वडाला पालवी फुटली होती.

विजापूर रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. आमचं घर मूळचं मैंदर्गीचं, घरात कानडी, बाहेर मराठी. मी धंदा करतो बोन्सायचा. सोलापुरात बोन्साय म्हटलं की लोक हसतात. उन्हाळ्यात इथं रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तिथं बशीएवढ्या कुंडीत झाड जगवायचं म्हणजे काय चेष्टा आहे! पण जगतं. लोकांना वाटतं, हे काहीतरी खुजं बियाणं असतं. तसं नाही. बी तेच, झाड तेच. मुळं ठरावीक काळानं छाटायची, फांदीला तार गुंडाळून वळण द्यायचं, उथळ कुंडीत विटांचा चुरा, जाड वाळू आणि जुनं शेणखत घालायचं. झाडाला आपण उपाशी ठेवत नाही, ताटात बेताचं वाढतो, एवढंच.

दुधनीच्या एका भुसार व्यापाऱ्यानं माझ्याकडून पिंपळ नेला होता. दोन वर्षांनी परत घेऊन आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, वाढ खुंटलेलं झाड दारात असलं की धंद्याची वाढ खुंटते. "अण्णा, ह्याला परत मोठं करून द्या की." मी म्हटलं, कुंडीतून काढा आणि शेताच्या बांधावर लावा, आपोआप होतंय. त्यानं लावलं. आता त्या पिंपळाच्या सावलीत शेरडं बसतात आणि हा गडी मला फोन करून म्हणतो, "लई मोठं झालंय, जरा बारीक करता येतंय का बघा." अशा माणसांवर मी आयुष्य काढलं.

आता जे सांगायचंय ते सांगण्याआधी आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला पाहिजे. होळी झाली की गिऱ्हाइकं आपली झाडं माझ्याकडे आणून ठेवतात. कुणी गावाला जातं, कुणाच्या घरावर पत्रा असतो. मृगाचा पाऊस पडेपर्यंत हिरव्या जाळीखाली माझं पाळणाघर चालतं. त्यात एखादं झाड मरतंच. मग त्याच जातीचं, तेवढ्याच उंचीचं दुसरं झाड निवडायचं, थोडी कात्री चालवायची आणि मेलेल्याच्या कुंडीत बसवून द्यायचं. ह्याला आम्ही 'बदली' म्हणतो. माझ्या उस्तादानं मला हे पहिल्याच वर्षी शिकवलं. गिऱ्हाईक कुंडी ओळखतं, झाड ओळखत नाही, असं ते म्हणायचे. आणि खरंच सांगतो, उभ्या आयुष्यात चार-पाच बदल्या मी दिल्या आणि एकालाही पत्ता लागला नाही. ह्यात पाप आहे असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. उलट हात कसा साफ आहे म्हणून स्वतःवरच खूश व्हायचो.

नरसव्वा माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या त्यांच्या मुलीबरोबर. तेलुगू घर. नवरा मागावर काम करायचा, तो लवकर गेला. नरसव्वांनी विड्या वळून मुलीला नर्स केलं. लता तिचं नाव. शिलाँगकडच्या डोंगरात एका दवाखान्यात ती नोकरीला होती. सुट्टीवर येताना तिनं सलाईनची प्लास्टिकची बाटली अर्धी कापून, त्यात ओलं शेवाळ भरून वीतभर रोप आणलं होतं.

"चेरी आहे, अन्ना," ती म्हणाली. "फळाची नाही, फुलाची."

चेरी म्हटलं की सोलापूरकराला केकवरची लाल गोळी आठवते, आणि तीसुद्धा बहुतेक पाकात घोळलेलं करवंद असतं. ही जात वेगळी. हिमालयातली. आयुर्वेदाच्या दुकानात पद्मकाष्ठ म्हणून जी लाकडाची ढलपी मिळते ती हिचीच. थंडीच्या तोंडाला पानं झडतात आणि नुसत्या काड्यांवर गुलाबी फुलं येतात. आमच्या बाजूला ही कुणी लावलेली मी बघितली नव्हती, पुस्तकातच वाचली होती.

मी नेहमीप्रमाणे फटकारलं. "पोरी, सोलापुरात गुलाबी फक्त चादर असते. हे झाड इथं मे महिना काढणार नाही. कशाला जीव घेतीस त्याचा?"

लता हसली. "अम्माला मी किती वर्षं बोलावते. लई थंडी असती म्हणून येत नाही. तिथं रस्त्याच्या कडेला ही झाडं अशी फुलतात, अन्ना, की आम्ही ड्यूटी संपल्यावर उगीच चालत राहतो. अम्मा येत नाही तर झाडच आणलं. तुम्ही जगवा की. तुमच्याशिवाय कोण जगवणार?"

शेवटच्या वाक्यानं मी विरघळलो. स्तुतीपुढं माझा राग टिकत नाही, हे शांता उगीच सांगत नाही. मी कुंडी दिली, माती दिली, कसं सांभाळायचं ते शिकवलं. लतानं जाण्याआधी घरी स्वतःच एक फांदी खाली वाकवून विडीच्या दोऱ्यानं बांधली. अगदी चुकीची बांधली होती, करकचून.

त्यानंतर दोन वर्षांनी कोरोनाची साथ आली. लता तिकडंच गेली. तिच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डातल्या खाटेवर. तिकडंच तिला पुरलं की जाळलं, हेही नरसव्वांना नीट कळलं नाही. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. टाळेबंदी उठल्यावर त्या कुंडी कडेवर घेऊन, हो, कडेवरच, माझ्याकडे आल्या. पानं पिवळी पडली होती.

"अन्ना, हे वाचवा की," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी शिव्या घातल्या नाहीत.

लतानं बांधलेला दोरा सालीत रुतला होता. मी सांगितलं, अक्का, हा दोरा काढावा लागेल, नाहीतर फांदी गुदमरते. त्यांनी तो काढू दिला, पण तुकडा मागून घेतला आणि बटव्यात ठेवला. फांदीवर दोऱ्याचा वळ राहिला, अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा. नरसव्वा झाडाला हात लावायच्या तो नेहमी त्या वळावर.

ते झाड मी डोळ्यात तेल घालून सांभाळलं. बोअरचं खारं पाणी त्याला चालत नाही, म्हणून पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवायचो. कार्तिकात पानं हातानं काढून टाकायची, पाणी कमी करायचं, की झाडाला वाटावं थंडी आली. झाड वाढलं, खोड अंगठ्याएवढं झालं. पण फूल नाही. चार वर्षं एक कळीसुद्धा नाही. हिवाळ्यात झाड नरसव्वांच्या दारात असायचं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, हातात कात्री, आणि त्या झाडाशी तेलुगूत बोलत विड्या वळायच्या. भाजी काय केली, रेशनला किती रांग होती, कुणाचं लग्न ठरलं, सगळं. मला बघून थांबायच्या नाहीत. मला ते आवडायचं.

पाचव्या उन्हाळ्यात झाड माझ्याकडे होतं. ज्येष्ठ लागायचा होता. एक दिवस कुंडीखालच्या भोकातून मुळं बाहेर आलेली दिसली. आता इथं माझी चूक सांगतो, आणि ही चूक फक्त माझ्यासारखा अनुभवी माणूसच करू शकतो. आमच्या भागात सगळा कारभार वडा-पिंपळाचा. वड म्हणजे पैलवान. भर उन्हाळ्यात त्याची अर्धी मुळं छाटा, चार जाड फांद्या उडवा, पाऊस पडला की दुप्पट जोमानं उठतो. चाळीस वर्षं माझा हात वडावर फिरलेला. चेरीची मुळं पान नसताना, थंडीतच छाटायची असतात, हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं की! पण हात डोक्याला विचारत नाही. म्हटलं, अक्कांचं काम आहे, येतोय पाऊस, करून टाकू, पुढच्या वर्षी तरी फुलेल. उपकार करायच्या तोऱ्यात मी अर्धी मुळं काढली आणि एक जाड फांदीही छाटली.

आठ दिवसांत पानं चुरगळली. छाटलेल्या जागेतून डिंक गळायला लागला. सावलीत नेलं, ओलं फडकं गुंडाळलं, पाण्याचा फवारा मारला. काही उपयोग नाही. मृगाचा पाऊस आला त्या दिवशी मी नखानं साल खरवडली. आत हिरवं काही नव्हतं.

शांता म्हणाली, "हेळिबिडरी." सांगून टाका. आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं कानडीत होतं.

मी सांगितलं नाही. मी फोन केला तो डोंगरातल्या एका रोपवाटिकेला. त्याच जातीचं, तेवढ्याच वयाचं झाड खोक्यातून आलं. कुंडी जुनीच. नरसव्वांना निरोप दिला, झाडावर औषध मारलंय, पाऊस संपेपर्यंत येऊ नका. आणि मग मी हेही केलं. नव्या झाडाची तशीच एक फांदी निवडली, खाली वाकवली आणि विडीचा दोरा आणून करकचून बांधला. पावसाळ्यात झाड भराभर जाड होतं. भादव्यापर्यंत दोरा रुतला. मी तो कापून काढला. वळ हुबेहूब आला. मी लांबून बघितला, जवळून बघितला, आणि देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटली नाही, अभिमान वाटला. चाळीस वर्षांतलं सगळ्यात साफ काम! मेलेलं झाड मी कधीच खताच्या खड्ड्यात टाकून मोकळा झालो होतो.

दसऱ्याला झाड नरसव्वांच्या दारात पोचवलं. त्यांनी वळावर बोट फिरवलं. "दुबळं झालंय," म्हणाल्या. मी मान हलवली आणि चहासुद्धा न घेता निघालो.

मार्गशीर्षात फोन आला. नुसतं रडणं. मला वाटलं, कळलं. कसाबसा पोचलो तर दारात शेजारच्या चार बायका उभ्या आणि झाडावर फुलं. पाच-सहा काड्यांवर फिक्या गुलाबी फुलांचे झुबके. डोंगरात वाढलेलं झाड ते, कळ्या धरायची सवय तिथूनच घेऊन आलं होतं. नरसव्वांनी झाडाला हळद-कुंकू वाहिलं होतं. माझे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "लता वच्चिंदी, अन्ना." लता आली.

बायकांनी माझंच कौतुक केलं. घरी आलो आणि वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं.

तरीही मी बोललो नसतो. हे कबूल करतो. म्हातारी खूश आहे, कुणाचं काय बिघडलं, असं मनाला समजावत मी जन्म काढला असता. पण चैत्रात नरसव्वा स्वतः रोपवाटिकेत आल्या. त्या झाडाला पाच बारीक फळं धरली होती. त्यांच्या बिया धुवून, वाळवून तंबाखूच्या कागदाच्या पुडीत आणल्या होत्या. लताबरोबरची एक नर्स त्यांना अधूनमधून फोन करायची. दवाखान्याच्या आवारात लताच्या नावानं एक झाड लावायचं तिथं ठरलं होतं, खाली नावाची पाटी.

"मी सांगितलं त्यांना," नरसव्वा म्हणाल्या, "दुसरं कुठलं लावू नका. लताच्या हातचं झाड हाय माझ्याकडं, त्याचंच पोर लावायचं. ह्या रुजवा, अन्ना. रोप झालं की मी स्वतः घेऊन जाते. थंडी असू दे किती बी."

जी बाई मुलगी जिवंत असताना गेली नाही ती आता जाणार होती. माझ्या खोट्याचं पोर कडेवर घेऊन. आणि तिथं त्याच्यापुढं लताच्या नावाची पाटी लागणार होती. पुडी माझ्या मुठीत राहिली. त्या गेल्या.

शांतानं माझी टोपी आणून हातात दिली.

नरसव्वा उंबऱ्यात विड्या वळत होत्या. झाड शेजारी. मी खाली बसलो आणि सांगितलं. मुळं, डिंक, खोक्यातून आलेलं झाड, विडीचा दोरा, सगळं. मध्ये कुठंही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढचं बाहेर पडलं नसतं. त्यांचे हात चालू होते. हातातली विडी वळून झाली, दोरा गुंडाळून झाला, तोंड दुमडून झालं. मग हात थांबले.

"माझं झाड कुठं हाय?"

"खताच्या खड्ड्यात टाकलं, अक्का."

"हाय का अजून?"

"नाही. कुजलं असणार."

त्यांनी नव्या झाडाकडे बघितलं. शिव्या देतील, कुंडी उचलून रस्त्यावर फेकतील, असं वाटत होतं. खरं तर त्यांनी तसं करावं असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मग दसऱ्यापासून मी कुणासंगं बोलत होते, अन्ना?"

आयुष्यात गिऱ्हाइकांना मी हजार उत्तरं दिली. तिखट, तिरकी, तोंड बंद करणारी. त्या दिवशी मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, कोण जाणे. थोड्या वेळानं त्या उठल्या, तांब्या आणला आणि झाडाला पाणी घातलं. "ह्याचा काय दोष?" असं स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्यापुढं तळहात धरला. मी बियांची पुडी परत दिली. त्या नर्सला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, इकडून काही येत नाही, तिकडचंच एखादं लावा. कारण सांगितलं नाही. माझं नाव घेतलं नाही.

त्यानंतर मी बदली देणं बंद केलं. झाड ठेवून घेताना पहिल्याच दिवशी सांगतो, मेलं तर मेलं म्हणून सांगीन. दोन-चार गिऱ्हाइकं त्यामुळं तुटली. जुन्या बदल्यांपैकी दोघांकडे जाऊन खरं सांगितलं. एक जण हसला आणि म्हणाला, जाऊ द्या हो अण्णा, झाड ते झाड. मला वाटलं होतं, असं कुणी म्हटलं की बरं वाटेल. वाटलं नाही.

नरसव्वांच्या झाडाची छाटणी अजूनही मीच करतो. त्यांनी नको म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. मी जातो. चहा येतो, पण पूर्वीसारखं जवळ बसून नाही. त्या झाडाला वेळच्या वेळी पाणी घालतात, उन्हातून सावलीत नेतात, पानावर धूळ बसू देत नाहीत. बोलत नाहीत.

मागच्या मार्गशीर्षात झाड पहिल्यापेक्षा जास्त फुललं. पानच दिसत नव्हतं, नुसती फुलं. मी वाळक्या काड्या काढत बसलो होतो. समोरच्या घरात नवीनच भाड्यानं आलेल्यांची सून दारात येऊन उभी राहिली आणि बघतच राहिली.

"अय्या, किती गोड! आजी, तुमच्या लताचं झाड म्हणतात ते हेच का?"

नरसव्वांनी सुपातलं पान उचललं, कात्रीनं बेतलं, तंबाखू पसरली.

"न्हाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ते अन्नाचं हाय."